फ्रेंच उच्चाराची ऑनलाइन बॅच, चार स्टार (एक क्विझपायी कापला)

वीकेंडची बॅच, आठ सेशन, २४०० रुपये. मी ए-१ (म्हणजे अगदी पहिली पातळी) दुसरीकडे केलेलं आणि तिथून एक पक्का समज घेऊन आलेले की अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ दिसली की तिथे जोर द्यायचा. सगळा घोळ त्या 'काफे'ने केला, रेघ पण शेवटी आणि जोर पण शेवटी, मग शंका येणार कुठून!

इथे मॅडमनी पहिल्याच तासाला 'तेलेफोन' लिहिला. ते वर रेघ, ले वर रेघ, आणि जोर फोनवर, जिथे काहीच नाही. झालं, माझं वर्षभराचं ते-ए-लेफोन तिथेच आटोपलं. फ्रेंचमधे जोर शब्दागणिक नसतोच, एका दमात जेवढं बोलतो त्याच्या शेवटी येतो. 'युन मॅझों' (एक घर) म्हटलं की झों जरा लांबतं, पण 'युन मॅझों ब्लाँश' (एक पांढरं घर) म्हटलं की झों गुपचूप बसतं आणि ब्लाँश लांबतं. आवाज चढवायचा नाही, नुसतं रेंगाळायचं. मॅडम सारखं म्हणायच्या, इंग्लिशचे हेलकावे सोडा, मराठीसारखं सरळ बोला, आणि खरंच जमतं हो.

मग रेघा कशाला? तर 'मार्श' म्हणजे चालणं किंवा पायरी, आणि शेवटच्या ई वर रेघ दिली की 'मार्शे', म्हणजे बाजार. रेघ नसेल तर तो शेवटचा ई गप्प असतो, एवढाच मुद्दा पण कुणी सांगितला नव्हता. आणि 'ऊ' (ou) या शब्दात तर उच्चारात शून्य फरक, रेघ नसली तर 'किंवा', असली तर 'कुठे'. यू वर उलटी (डावीकडे झुकलेली) रेघ येणारा अख्ख्या भाषेत हा एकच शब्द, तरी फ्रान्सच्या कीबोर्डवर त्याला स्वतंत्र बटण आहे, लाड बघा. टोपीचा (अक्षरावरच्या ^ या खुणेचा) तास मला सगळ्यात आवडला, हॉस्पिटलचं 'ओपिताल' झालं, फॉरेस्टचं 'फोरॅ', आणि गळालेल्या एस ची आठवण म्हणून टोपी राहिली. १९९० च्या सुधारणेत आय आणि यू वरची टोपी बऱ्याच शब्दांत ऐच्छिक केली, पण २०१६ मधे ही सुधारणा शाळेच्या पुस्तकांत येणार म्हटल्यावर फ्रान्समधे लोक चिडले होते म्हणे.

आता तक्रार. शिकवलं एवढं छान आणि यांचा क्विझ रेघा बघतच नाही!! मी मुद्दाम 'बाजार'च्या जागी बिनरेघेचं 'मार्श' टाईप केलं तर हिरवी टिक. पीडीएफमधे रेघवाल्या अक्षरांच्या जागी चौकोन, ते मी पेनाने भरत बसले. रेकॉर्डिंग पण सात दिवसांत उडतं, तेव्हा पहिल्या दोन तासांचं तरी लगेच परत ऐकून घ्या.

अगदी शून्यापासून सुरू करणाऱ्यांनी घेऊ नका, डोक्यावरून जाईल. ए-१ झालेल्यांनी डोळे मिटून घ्या, फक्त क्विझच्या हिरव्या टिकेवर विश्वास ठेवू नका.