नागपुरात बर्डीवरचं (सीताबर्डी) जुन्या पुस्तकांचं दुकान, रॉक ऐकत असाल तर नक्की जा

कॉलेजपासून आयर्न मेडन हा रॉक बँड ऐकून राहिलो, त्यांचं 'राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर' हे गाणं तर पाठ आहे, पण ते ज्या कवितेवरून केलंय ती इंग्रज कवी कोलरिजची १७९८ ची कविता कधी वाचलीच नव्हती. मे महिन्यात बर्डीवरच्या या दुकानात गेलो (पाटी नाही, नुसते गठ्ठे अन् एक ट्यूबलाइट), काकांना सहज विचारलं तर म्हणे "थांब नं बाबू, कवितांचा गठ्ठा मागं आहे" अन् पाच मिनिटांत बी.ए. च्या कुठल्यातरी जुन्या कोर्सचं पुस्तक हातात दिलं. ६० रुपये. कव्हर नाही, कोपरे पाण्यानं फुगलेले, पण ज्याचं कोणाचं असेल त्यानं अवघड शब्दांवर पेन्सिलनं मराठीत अर्थ लिहून ठेवलेत. 'अल्बट्रॉस' च्या बाजूला लिहिलंय 'समुद्रावरचा मोठा पक्षी, मारू नये'.

तिथंच स्टुलावर बसून हेडफोन लावले. साडेतेरा मिनिटांच्या वरचं गाणं आहे ते, अन् मधे सगळं थांबून जहाजाच्या लाकडाची नुसती करकर येते अन् कोणीतरी ओळी बोलतो, त्या मी इतकी वर्षं बँडच्याच समजत होतो. ओळींवर बोट ठेवून ऐकलं तर शब्दाला शब्द कोलरिज, दोनशे खलाशी एकामागून एक पडतात तिथलं. चहूकडे पाणी पण प्यायला थेंब नाही, तेही जसंच्या तसं. भर उन्हाळ्यात, पाण्याची बाटली संपलेली, बर्डीवर बसून ते वाचलं अन् अंगावर काटाच आला. गाणं लिहिणाऱ्या बँडच्या स्टीव्ह हॅरिसनं बाकी गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली पण या जागांना हात लावला नाही, याला म्हणतात कविता समजणं. लेड झेपेलिन या बँडचं 'रॅम्बल ऑन' (१९६९) मला आवडतं, पण त्यात टोल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मधले मॉर्डर अन् गॉलम नुसते येऊन जातात, पुस्तक वाचलं नसलं तरी काही अडत नाही.

मग मेटॅलिका बँडच्या 'फॉर हूम द बेल टोल्स' गाण्यासाठी, ते ज्यावरून आलंय ते हेमिंग्वेचं त्याच नावाचं पुस्तक घेतलं, १२० ला. गाण्यात टेकडीसाठी लढणारे पाच जण आहेत नं, ते पुस्तकात सत्ताविसाव्या प्रकरणात आहेत, एल सोर्दो अन् त्याचे चार साथीदार, वरून विमानं येतात. अन् घरी येऊन पाहतो तर नेमकी तिथलीच पानं गायब! खूप वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी परत गेलो, काकांनी एका शब्दानं वाद न घालता दुसरी कॉपी दिली, वरचे पैसे घेतले नाहीत. पण घेताना पानं मोजूनच घ्या, ते स्वतः चेक करत नाहीत, अन् हे त्यांनी करायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही, मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंज स्टेशनला उतरा अन् चालत जा. दुपारी जा, संध्याकाळी गर्दीत गठ्ठे उचकता येत नाहीत.

रशियन लेखक बुल्गाकोव्हचं 'मास्टर अँड मार्गारिटा' मात्र नव्हतं, ज्यावरून रोलिंग स्टोन्स बँडच्या मिक जॅगरला 'सिंपथी फॉर द डेव्हिल' हे गाणं सुचलं ते. काकांनी वहीत पुस्तकाचं नाव लिहिलं, खाली माझा नंबर, आलं की फोन करतो म्हणाले. कोणाकडे घरी पडून असेल तर प्लीज त्यांच्याकडेच विका.