आजोबांची मेडल्स माउंट करून घेतली, त्याचा अनुभव

आजोबा बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलातले, ट्रेनिंग खडकीला. ७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर रात्रीचं, वरून गोळे पडत असताना त्यांनी रणगाड्यांसाठी सुरुंगांमधून वाट काढली, त्याचं सेना मेडल. ते गेल्यापासून चारही मेडल्स डब्यातच होती, रिबिनी पार विरलेल्या. आधी एका फ्रेमवाल्याकडे गेले तर तो सरळ फेव्हिक्विकने चिकटवतो म्हणाला, तशीच उठून बाहेर आले.

मग मेडल आणि युनिफॉर्मचंच काम करणाऱ्या एका छोट्या दुकानात गेले. दुकानातल्या काकांनी आधी भिंग लावून मेडलच्या कडेवरचा आजोबांचा नंबर आणि नाव वाचलं, आणि मग विचारलं की सेना मेडल कशाबद्दल मिळालं. मी सांगायला लागले तर हातातलं काम ठेवून ऐकत बसले. मेडलवर पुढे उभी संगीन कोरलेली असते ती त्यांनी बोटाने दाखवली, आणि मला एकदम आजोबा आठवले, पोटावर पडून संगीन तिरकी धरून जमीन टोचत जायचं, उभी खुपसली तर सुरुंगाच्या डोक्यावरच बसते, असं ते आम्हाला जेवताना चमच्याने दाखवायचे. शत्रूवर धावून जाणं सगळ्यांना कळतं, पण असं वीतवीत सरकत जाण्याचं शौर्य सांगितल्याशिवाय कळत नाही. आजोबा स्वतःबद्दल फार बोलायचे नाहीत, त्यांच्या तोंडी कायम राणेसाहेब. रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे, एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि पाडलेली झाडं हटवत होते, त्यांची दोन माणसं गेली, पाच जण जखमी झाले, त्यात ते स्वतःही, तरी काम थांबवलं नाही. त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि ते घ्यायला ते हयात होते, हे आजोबा दर वेळी आवर्जून सांगायचे.

आता कामाबद्दल. रिबिनी नव्या, सेना मेडलची लाल आणि मध्ये पांढरी पट्टी अगदी सरळ बसलीय. पॉलिश मुद्दाम केलं नाही, घासून घासून अक्षरं जातात म्हणाले, मला ते पटलं. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा पश्चिमी स्टार (पश्चिम आघाडीवरच्यांना मिळालेला) आधी आणि सेना मेडल नंतर लागलं होतं, खरं तर शौर्याचं मेडल आधी येतं, मग स्टार, मग संग्राम मेडल आणि शेवटी सैन्य सेवा. दाखवल्यावर काहीही वाद न घालता सगळं उसवून परत शिवलं. दहा दिवस सांगून पंचवीस लावले, एवढीच तक्रार, कार्यक्रमाची तारीख असेल तर आधीच द्या. मेडल्सखालच्या मजकुराच्या पट्टीवर त्यांनी नुसतं ‘शौर्याबद्दल’ टाकलं होतं, मी ‘सुरुंग काढताना दाखवलेल्या शौर्याबद्दल’ करून घेतलं, त्याचे जास्त पैसे घेतले नाहीत.

आजीला २६ जानेवारीला लावायची होती म्हणून मागे पिनही बसवून दिली, घरच्यांनी उजव्या बाजूला लावायची हे त्यांनीच तिला फोनवर नीट समजावलं. आणि जुन्या रिबिनींचे तुकडे, न मागता, एका पाकिटात घालून परत दिले.