परदेशात घर शोधून देणारी रिलोकेशन सर्व्हिस: कागदांना पैकीच्या पैकी, दारापाशी भोपळा

आधी स्टार सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढे जावं. ५ पैकी अडीच. त्यातले दोन निव्वळ कागदपत्रांचे आणि उरलेला अर्धा आमच्या कोऑर्डिनेटर बाईंचा. सर्व्हिस ऑफिसने पॅकेजमध्ये दिली होती, माझ्या खिशातून काही गेलं नाही, त्यामुळे पैसे वसूल झाले की नाही ही भाषा मी करत नाही. एजन्सीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण बाहेर राहणाऱ्या चारपाच जणींशी बोलले तर प्रत्येकीची एजन्सी वेगळी, देश वेगळा आणि किस्सा मात्र सेम टू सेम.

कागदांचं काम खरंच एक नंबर. परमिटच्या अपॉइंटमेंटला कोऑर्डिनेटर बाई स्वतः आल्या, फॉर्मच्या तिसऱ्या पानावर माझ्या जन्मगावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा एका अक्षराने वेगळं पडलं होतं ते त्यांनी रांगेत उभ्या उभ्या पकडलं, नाहीतर पुन्हा दीड महिना थांबायला लागलं असतं. बँक अकाउंट, टॅक्स नंबर, इन्शुरन्स, सगळं दोन आठवड्यात. भाषा येत नसताना हे एकटीने करून बघा, रडकुंडीला येतो माणूस. तर ते दोन स्टार कमावलेले आहेत, खैरात नाही.

पहिला खडा लागला तो त्यांच्या ॲपमध्ये. ओळख पटवायला फोनसमोर चेहरा धरायचा, हिरवा गोल फिरतो, झालं. माझा गोल काही फिरेना. 'उजेडात या.' खिडकीपाशी गेले. 'चेहरा फ्रेममध्ये आणा.' अहो आहे की फ्रेममध्येच! शेवटी टेबल लॅम्प थेट तोंडावर मारून, चौकशीला बसवलेल्या चोरासारखी, सातव्या वेळेला पास झाले. माझ्यासोबत त्याच आठवड्यात जॉईन झालेली एक मुलगी आहे, ती पण परदेशीच पण गोरी, तिचं पहिल्या झटक्यात झालं, ते पण बसमध्ये बसून. आता माझ्या केसमध्ये नक्की काय बिघडलं ते मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, पण हा विषय नवीन नाहीये. जॉय ब्वोलामविनी आणि टिमनिट गेब्रू ह्या दोघी संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून बाई की पुरुष ते ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या सिस्टीम तपासल्या होत्या, त्यात गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि काळ्यासावळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. वेगळं काम, वेगळी सिस्टीम, मान्य. पण सपोर्टला मेल टाकला तर उत्तर काय, 'कृपया चांगल्या प्रकाशात प्रयत्न करा.' म्हणजे खोट प्रकाशात. बरं.

आता मुख्य मुद्दा, घर.

ह्या लोकांची पद्धत अशी की तुमचं एक प्रोफाइल बनवतात, त्यात फोटो, नोकरी, पगाराचा पुरावा, किती जण राहणार वगैरे, आणि ते घरमालकांना पाठवतात. मग एक शेअर्ड शीट असते, ट्रॅकर म्हणतात त्याला, त्यात प्रत्येक घराची एक ओळ आणि शेवटच्या कॉलममध्ये स्टेटस. पाच आठवड्यांनी माझ्या ट्रॅकरमध्ये ११ घरं होती आणि त्यातल्या सात ओळींपुढे एकच शेरा, 'मालकाने माघार घेतली'. कारण कोरं. वर सांगितलेल्या गोऱ्या मुलीला मी सहज विचारलं तर तिच्या शीटमध्ये चार ओळी, माघार एक, आणि नवव्या दिवशी चावी हातात. दोघींची ग्रेड एक, दोघी एकट्या राहणाऱ्या, दोघींना फर्निचर असलेलं घर हवं, आणि इथल्या भाषेत तर ती माझ्यापेक्षा कच्ची आहे, मी निदान येण्याआधी सहा महिने क्लास केला होता, तिला अजून नमस्कारापुढे जमत नाही.

मी टेस्टिंगमध्ये काम करते. आमच्याकडे पहिला धडा हाच, की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, मग बिघाड कुठाय ते आपोआप कळतं. मला काही वेगळं करायला लागलं नाही, आमच्या एचआरने नकळत टेस्ट लावून ठेवली होती.

आठव्या घराचं सांगते कारण ते डोक्यातून जात नाही. फोनवर मीच बोलले होते, मालक छान बोलले, 'हो हो या, घर रिकामंच आहे, संध्याकाळी ऊन चांगलं येतं'. माझा ॲक्सेंट फोनवर बऱ्यापैकी खपतो. त्या वेळेला मी बाईंना सांगून प्रोफाइल पाठवायचं थांबवलं होतं, म्हटलं आधी घर बघू. गेलो आम्ही दोघी. जिन्यातला दिवा टायमरवाला, बटण दाबलं की थोडा वेळ चालू राहतो आणि मग आपोआप बंद. दार उघडलं, साखळी लावलेलीच, फटीतून त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग बाईंकडे पाहून एकदम हसले आणि म्हणाले, 'या या, तुम्हीच ना फोनवर?' बाई म्हणाल्या नाही, ह्या. साखळी काढली नाही. मग ते जे काही बोलले ते सगळं बाईंशी, माझ्याबद्दल आणि माझ्यासमोर. ह्या स्वतः राहणार का, घरचे येणार का, स्वयंपाकाचा वास जिन्यात राहतो म्हणून आधीचे भाडेकरू तक्रार करायचे. आणि मधेच आठवल्यासारखं, 'अरे हो, दुपारीच एकांनी फायनल केलंय, फोन करायचा राहिला'. तेवढ्यात टायमर संपला, जिना अंधारात. कोणीच बटण दाबलं नाही. दार लागल्याचा आवाज तेवढा आला.

खाली आल्यावर बाई म्हणाल्या, काही लोक जरा विचित्र असतात, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं. त्या गोऱ्या मुलीला मेसेज टाकला, तिने दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नंबरवर फोन केला, मोडकंतोडकं बोलून. घर रिकामं होतं. चार वाजता जाऊन बघून पण आली, साखळी बिखळी काही नाही, वर तिला 'आमची बिल्डिंग शांत आहे, तुमच्यासारखेच लोक राहतात' असं ऐकवलं. तिने मला फोटो पाठवले. ऊन खरंच चांगलं येतं.

कल्चर ट्रेनिंग म्हणून दीड दिवस बसवतात, ते पण ह्याच पॅकेजचा भाग, त्यात मी हा विषय काढला तर ट्रेनर हसून म्हणाला की इथले लोक सगळ्याच परदेशी लोकांशी सुरुवातीला असे थंडच वागतात, ओळख झाली की खुलतात. हे वाक्य तुम्हाला पण कोणीतरी ऐकवणार, म्हणून लिहून ठेवते की ह्याचा निकाल कधीच लागलेला आहे. १९६७ मध्ये इंग्लंडात पीईपी (पॉलिटिकल अँड इकॉनॉमिक प्लॅनिंग) नावाच्या अभ्यास संस्थेने एक रिपोर्ट काढला. त्यांनी घर, नोकरी, इन्शुरन्स अशा ठिकाणी तीन प्रकारची माणसं अर्जदार म्हणून पाठवली, एक गोरा इंग्रज, एक गोरा हंगेरियन आणि एक काळा वेस्ट इंडियन. म्हणजे दोन परदेशी, त्यातला एक गोरा. अडचण परदेशी असण्याचीच असती तर दोघांना सारखाच मार बसायला हवा होता ना? नाही बसला. हंगेरियन माणसाला मिळालेली वागणूक इंग्रजाच्या बरीच जवळ होती, वेस्ट इंडियन माणूस मात्र बाहेर. पुढच्याच वर्षी, १९६८ ला, तिथला वंशभेदविरोधी कायदा वाढवून घर आणि नोकरी त्यात घेतली. आणि फोनवर घर आहे पण दारात नाही, हे पण जुनंच. जॉन बॉ म्हणून अमेरिकेतले कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांना स्वतःला घर शोधताना हाच अनुभव आला, आणि मग त्यांनी स्वतःच घरमालकांना तीन वेगवेगळ्या बोलीत फोन करून करून बघितले, १९९९ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर पेपर छापला. त्या फोनांमध्ये नकार बोलीवरूनच मिळत होता, माझ्या केसमध्ये ॲक्सेंट खपला आणि चेहरा नाही खपला, एवढाच फरक.

ट्रेनरला हे सांगितलं नाही, तेव्हा मला माहीतच नव्हतं, नंतर रात्री रात्री वाचलंय. त्याच्या स्लाइडवर 'गैरसमज कसे टाळाल' असं होतं. गैरसमज! सगळ्यात चीड ह्याची येते, की परदेशी असण्याच्या जेवढ्या अडचणी आहेत, भाषा, फॉर्म, रांगा, त्या प्रत्येकावर ह्या लोकांकडे इलाज आहे, चेकलिस्ट आहे, हेल्पलाइन आहे, आणि रंगाचं नाव काढलं की एकदम 'कल्चर'. ऑफिसात पण बघा, ती गोरी मुलगी एक्सपॅट आणि मी मायग्रंट, व्हिसा दोघींचा एकाच कॅटेगरीतला.

आता कोऑर्डिनेटर बाईंचा अर्धा स्टार. आठव्या घरानंतर मी त्यांना कॉफीला बसवलं आणि सरळ विचारलं, तुम्हाला माहीत असतं ना? आधी प्रोफाइल मॅच, मालकांची पसंती असलं काहीतरी झालं. मग म्हणाल्या, हो, सिस्टीममध्ये काही मालकांपुढे 'भाडेकरूबाबत चोखंदळ' अशी नोंद असते, आणि अशा ठिकाणी आम्ही काही क्लायंटना पाठवतच नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून. मी विचारलं काही म्हणजे कोण. त्या कपाकडे बघत बसल्या. वाईट बाई नाहीयेत हो, माझ्यासाठी रविवारी पण फिरल्यात. पण जरा विचार करा, ह्या चांगुलपणाने होतं काय? मालकाला नाही म्हणायची पण गरज उरत नाही, त्याच्या वतीने एजन्सीच परस्पर नाही म्हणून मोकळी होते, आणि मला वाटत राहतं की ह्या शहरात घरंच एवढी कमी आहेत. माझी यादी ११ ची होती. तिच्यासाठी बाजूला काढलेली यादी किती होती ते मला कधीच कळणार नाही, कारण तिने चारातच काम संपवलं.

प्रोफाइलवरच्या फोटोबद्दल लोक विचारतील म्हणून लिहिते. काही जणींचं म्हणणं फोटो असावा, ज्याला नको त्याने घरबसल्याच नकार द्यावा, आपली चक्कर वाचते. थोड्या दिवसांसाठी घरं भाड्याने मिळतात त्या एअरबीएनबी साइटने २०१८ मध्ये उलटं ठरवलं, बुकिंग पक्कं झाल्यावरच पाहुण्याचा फोटो मालकाला दाखवायचा, त्याआधी संशोधकांनी दाखवून दिलं होतं की प्रोफाइल सेम ठेवून फक्त नाव कृष्णवर्णीय वाटेल असं दिलं तर होकार सुमारे १६ टक्क्यांनी घटतो. नाव तर लपवता येत नाही म्हणा. पण माझं मत फोटो नको ह्याच बाजूचं झालंय, आणि कारण असं नाही की त्याने माणसं बदलतील. स्क्रीनवर मिळालेल्या नकाराला ना तारीख ना वेळ ना साक्षीदार, नुसती 'माघार'. दारात मिळालेल्या नकाराला हे सगळं असतं. माझ्या सात माघारींपैकी मला फक्त आठव्या घराचीच तक्रार करता आली, कारण तिथे बाई शेजारी उभ्या होत्या आणि दुसऱ्या दिवशीच्या कॉलची वेळ मुलीच्या फोनमध्ये होती. चक्कर फुकट गेली, मन खचलं, सगळं खरं. तरी पण.

आणि तक्रार करताना एक लक्षात ठेवा, 'मी परदेशी म्हणून' असं लिहू नका, 'माझ्या रंगामुळे' असं लिहा. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये संकोचाने परदेशीच लिहिलं होतं. वंशभेदाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा १९६५ चा करार आहे, त्याच्या पहिल्याच कलमात रंग हा शब्द वेगळा लिहिलेला आहे, आणि लगेच पुढे असंही आहे की सरकारने नागरिक आणि परकीय नागरिक ह्यांच्यात केलेला फरक ह्या करारात धरलेला नाही. म्हणजे 'परदेशी' म्हटलं की समोरच्याला पळायला वाट मिळते. देशादेशाचे कायदे वेगळे, ते तिथल्या सल्ला केंद्रात विचारा, पण शब्द नीट वापरा. काळी म्हणायला लाज वाटते आपल्याला, मलाही वाटली, 'सावळी' ला इथल्या भाषेत शब्द मिळतो का बघत बसले होते मी डिक्शनरीत, अर्धा तास.

घर शेवटी मिळालं ते एजन्सीकडून नाहीच. ऑफिसातली एक जण सोडून चालली होती, तिने मालकीणबाईंशी बोलून दिलं, दहा मिनिटांत काम. एजन्सीने मात्र त्यांच्या रिपोर्टमध्ये 'घर शोध: यशस्वी' असं टिक केलंय, ते बघून हसावं की रडावं कळेना.

वापरावी का? कागदांसाठी डोळे झाकून. घरासाठी ठेवा, पण पहिल्याच मीटिंगमध्ये तीन गोष्टी मागून घ्या, प्रोफाइलवर फोटो नको, प्रत्येक माघारीचं कारण लेखी, आणि कुठल्या घरांना तुम्हाला पाठवलं नाही त्याची यादी. तिसरी देणार नाहीत. तरी मागा, चेहरे बघण्यासारखे होतात.

मी त्या सात ओळींपुढे खरं कारण लिहा म्हणून दोनदा मेल केलाय. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला 'आम्ही चौकशी करत आहोत' आलंय, त्याला आता तीन आठवडे झाले. कालच ट्रॅकर उघडून बघितला तर माझा ॲक्सेस काढून टाकलाय. स्क्रीनशॉट आहेत.