पटाची जोडी न्यायला ट्रॉली की पिकअप?

तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, जोडी न्यायची, तर घरची ट्रॅक्टर-ट्रॉली फुकटात पडते. पण शेतीच्या बऱ्याच ट्रॉल्यांना खाली पाटेच, म्हणजे दणके झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगाच, नसतात. रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट बैलाच्या खुरात जातो. तोल सावरता सावरता जनावर तिथंच थकते, मग पटात काय पळणार? वेळ लागतो तो वेगळाच.

पिकअपला पाटे असतात, दणके कमी बसतात. भाडे मात्र लागते. आणि तिचा पत्रा गुळगुळीत! त्यावर माती, वरून कुटाराचा (भुशाचा) जाड थर टाका, नाहीतर पहिल्याच ब्रेकला बैल घसरतो. आडवे दांडे हलवून पाहा, कडांना पोती गुंडाळा. चढवायला बांध दोन्हींना हवाच.

गावातल्या गावात ट्रॉली ठीक. पटाला मी पिकअपच सांगतो.