घोडबंदर रोडलगतच्या फ्लॅटमध्ये शुअर एसएम५८: वापरानंतरचा अनुभव

उन्हाळ्यातला पंखा आणि पावसाळ्यातली शेडवरची सर, दोन्ही ऋतू एसएम५८ या डायनॅमिक (चुंबक आणि कॉइलवर चालणाऱ्या) माइकवर काढल्यानंतर माझं मत पक्कं झालंय. मागचा आवाज सॉफ्टवेअरने पुसण्यापेक्षा तो माइकमध्ये शिरूच न देणं जास्त फायद्याचं.

डायनॅमिक माइकला बाहेरचा आवाज ऐकूच येत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. खरी करामत अंतराची. तोंड आणि माइकमधलं अंतर २० सेंमीवरून १० सेंमीवर आणलं की बोलण्याची पातळी साधारण ६ डीबीने (डेसिबलने) वाढते. खोलीतला आवाज आहे तेवढाच राहतो. तेवढा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारी पातळी, कमी करायचा, की पंखाही तेवढाच खाली जातो. एसएम५८ जवळून बोलण्यासाठीच बनलेला असल्यामुळे हे सहज जमतं. जवळ गेल्यावर खर्ज फुगतो, त्यासाठी ८० ते १०० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर, लावा. ट्रकची घरघरही त्यातच बरीचशी जाते.

माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे त्याला सर्वांत कमी ऐकू येतं ते शेपटीकडून, केबल जोडतो त्या टोकाकडून. म्हणून टेबल स्टँडवर तो खालून वर रोखू नका, माइकचं तोंड थेट छताच्या पंख्याकडे होतं. बूम आर्मवरून (टेबलाला अडकवायच्या लांब दांड्यावरून) वरून खाली, हनुवटीच्या दिशेने तिरपा लटकवा. आता शेपटी छताकडे. टेबलावर दुहेरी घडीचा टॉवेल अंथरा, नाहीतर लाकडावरून परतणारा आवाज बोलणं डबड्यात घातल्यासारखं करतो.

सर्वांत जास्त डोकं खातो तो गुणगुणाट: ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले १००, १५०. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. गुणगुण गेली तर दोष अर्थिंगचा किंवा अडॅप्टरचा. तीन पिनांचा अडॅप्टर वापरा, सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. अर्थची पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे, तो धोका आहे. आणि बझ पंखा मधल्या स्पीडवर असतानाच येत असेल, फुल स्पीडला जात असेल, तर संशय जुन्या डिमरछाप रेग्युलेटरवर घ्या. इलेक्ट्रिशियनकडून कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवून घ्या. एक्सएलआर केबल (माइकची केबल) विजेच्या वायरींना समांतर नेऊ नका, ओलांडायचीच तर काटकोनात.

भिंतीवरच्या फोमवर पैसे घालवू नका. तो घुमणं कमी करतो, रस्ता थांबवत नाही. स्लायडिंग खिडकीच्या झिजलेल्या ब्रशपट्ट्या बदला, फटीतून येणारा आवाज तिथे अडतो.

सॉफ्टवेअर शेवटी आणि हलक्या हाताने. पंखा चालू ठेवून सुरुवातीला ५ सेकंद गप्प बसा, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो नमुना निवडा आणि नॉइज रिडक्शन (मागचा आवाज कमी करण्याची सोय) ६ ते ८ डीबीच ठेवा. १५ च्या वर गेलात की आवाज पाण्याखालचा वाटतो. मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा कॉम्प्रेसर याच्यानंतर लावा, आधी लावला तर तो शांत जागेतली सळसळच वर उचलतो. ओबीएस या स्ट्रीमिंग-रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठरावीक पातळीखालचा आवाज पूर्ण बंद करणाऱ्या गेटऐवजी तो फक्त हळू करणारा एक्स्पांडर बरा. गेट ‘आहे’मधला शेवटचा ‘हे’ कापतो.

प्रेशर हॉर्न आणि पत्र्यावरचा मुसळधार पाऊस यावर यातलं काहीही चालत नाही. तेवढं वाक्य पुन्हा बोलावं लागतं.