चार दिवसांचं धावण्याचं वेळापत्रक: नोकरी सांभाळून नऊ महिने वापरल्यावर

वेळापत्रक असं आहे. मंगळवारी आणि गुरुवारी ४० मिनिटं, शनिवारी ३०. रविवारी लाँग रन: ६० मिनिटांपासून सुरुवात, दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवत १०० पर्यंत. दर चौथ्या आठवड्यात सगळं एक तृतीयांश कमी. सुट्टी सोमवारी असेल तर सगळं एक दिवस पुढे ढकलायचं.

हिशेब किलोमीटरचा नाही, मिनिटांचा. सुरुवातीला हे खटकतं. पण कोल्हापुरात विद्यापीठाच्या चढावरचे सहा किलोमीटर आणि रंकाळा तलावाकाठचे सहा यांना सारखा वेळ लागत नाही. साडेआठला शिरोली एमआयडीसी गाठायची असेल तर मिनिटंच कामाची.

यातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे वीस मिनिटांचा नियम. उशीर झाला, पाहुणे आले, झोप कमी झाली, तरी वीस मिनिटं सावकाश धावायचं आणि दिवस भरला असं धरायचं. बुडालेलं धावणं मात्र भरून काढायचं नाही. मंगळवार-गुरुवारचं धावणं शुक्रवारी-शनिवारी कोंबून त्यावर रविवारचा लाँग रन केला, की नडगीच्या हाडाला सावरायला वेळच मिळत नाही. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं दुखणं आठवडा-दोन आठवडे भार कमी केल्यावर सहसा उतरू लागतं. एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर कळ येत असेल, चालतानाही दुखत असेल, तर धावणं बंद करून डॉक्टरांना दाखवा; हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो.

कच्चा दुवा गुरुवार. दहा मिनिटं हळू, मग तीन-तीन मिनिटांचे पाच वेगवान तुकडे, मध्ये दोन-दोन मिनिटं जॉगिंग, उरलेला वेळ सावकाश. बहुतेकजण पहिला तुकडा जीव खाऊन पळतात आणि चौथ्याला बसतात. पाचवा पहिल्याइतकाच झाला पाहिजे. बाकीचे तीन दिवस मात्र पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. रंकाळ्यावर कुणी पुढे गेलं की पाय आपोआप उचलले जातात, तेवढं सांभाळा.

रात्रपाळीबद्दल वेळापत्रक गप्प आहे. पाळी सुटल्या-सुटल्या धावू नये. आधी झोप, मग संध्याकाळी पाळीआधी वीस-तीस मिनिटं. लाँग रन पाळी बदलण्याच्या दिवशी नको. आदल्या रात्री तांबडा-पांढरा हाणला तर सकाळी पोट साथ देत नाही, हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको.

जून ते सप्टेंबर बुटांचे दोन जोड लागतात. भिजलेल्या बुटात रद्दी कोंबायची, दोन तासांनी बदलायची, उन्हात किंवा गॅसजवळ ठेवायचे नाहीत, सोलचा गोंद सुटतो. पायाच्या बोटांना व्हॅसलिन लावलं तर फोड कमी येतात. फरसबंद वाट निसरडी असेल तर डांबरी रस्ता धरा.

हाफ मॅरेथॉनच्या २१.१ किलोमीटरला एवढं पुरतं, ४२.१९५ ला नाही. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. या वेळापत्रकात एकच जोड वापरला तर पाच-सहा महिन्यांत सोल बसतो, म्हणून घेतल्याची तारीख बुटाच्या जिभेवर आतून पेनाने लिहून ठेवा.