चूक मीटिंगमध्ये कबूल करावी की बाजूला घेऊन?

नुकतीच टीमलीड झालेली मैत्रीण विचारत होती: माझा अंदाज चुकला, हे सगळ्यांसमोर सांगू की ज्यांना फटका बसला त्यांनाच?

पत: सगळ्यांसमोर सांगितलं की कुजबुजीला जागा उरत नाही. पण आधी कामात नाव हवं. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांच्या १९६६च्या प्रयोगात हुशार माणसाच्या हातून कॉफी सांडली तेव्हा तो त्याची ध्वनिफीत ऐकणाऱ्यांना जास्त आवडला. सुमार माणूस मात्र मनातून आणखी उतरला.

मेहनत: मीटिंगमध्ये दोन वाक्यं पुरतात, उपाय सोबत असेल तर. एकेकाशी बोलताना प्रत्येकाकडे गोष्ट थोडी वेगळी पोचते, हे मी भोगलंय.

निर्णय चुकलाय? मीटिंग. सांगायचं आहे ते भीती किंवा थकवा असेल, तर एखादा विश्वासू सहकारीच बरा. अगदीच नवी असशील, तर आधी बाजूला घेऊन बोल.